बिल्ड हिरवा, ॲप मंद: वेगाची चाचणी पाइपलाइनमध्ये बसवताना

इंदूरच्या सराफ्यात दागिन्यांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्यापिण्याचा बाजार भरतो. गर्दी रात्री नऊनंतर वाढायला लागते आणि मध्यरात्र उलटली तरी हटत नाही. समजा, या गल्लीतल्या विक्रेत्यांसाठी विजयनगरातल्या एका छोट्या टीमने ऑर्डर घेणारं ॲप लिहिलं. एका संध्याकाळी त्याची नवी आवृत्ती गेली. सगळ्या टेस्ट पास होत्या, बिल्ड (कोड बांधून तपासण्याची फेरी) हिरवा होता. रात्री साडेदहाला भुट्ट्याचा कीस मागवायला निघालेल्या माणसाच्या फोनवर मात्र चक्र फिरत राहिलं. हिशेबात चूक नव्हती, भाव बरोबर होते, ऑर्डर योग्य दुकानाकडेच जात होती. मेन्यू उघडायला तेवढे नऊ सेकंद लागत होते.

झालं होतं असं: कुणीतरी प्रत्येक पदार्थापुढे ताजं रेटिंग दाखवायचं ठरवलं आणि ते आणणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लूपच्या आत लिहिली, म्हणजे ती प्रत्येक पदार्थासाठी पुन्हा चालणार. मेन्यूत बारा पदार्थ असतील तर मेन्यूची एक धरून तेरा क्वेरी, तीनशे असतील तर तीनशे एक. लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर बाराच पदार्थ होते, म्हणून त्याला काही जाणवलं नाही. कोड तपासणाऱ्यालाही नाही. आणि टेस्टला तर कोणी विचारलंच नव्हतं की उत्तर किती वेळात आलं. उत्तर बरोबर आलं की नाही, एवढंच ती बघत होती.

हा प्रसंग मी रचलेला आहे, पण ज्यांनी चार-दोन वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली आहेत त्यांना तो ओळखीचा वाटेल. इंदुरातून दरवर्षी कितीतरी मराठी मुलंमुली इंजिनियर होऊन सुपर कॉरिडॉरवरच्या किंवा पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांत टेस्टिंगच्या कामाला लागतात. बटण दाबलं की काय व्हायला हवं, याची स्वयंचलित चाचणी लिहायला ती पटकन शिकतात. वेगाच्या चाचणीची वेळ आली की ‘ते काम वेगळी टीम करते’ असं उत्तर मिळतं. ते काम वेगळ्या टीमचं नाही, रोजच्या कोडिंगचंच आहे असं मला मनापासून वाटतं, म्हणून ते नीट उलगडून सांगतो.

आधी पाइपलाइन म्हणजे काय ते थोडक्यात. तुम्ही कोड मुख्य शाखेत, म्हणजे टीमच्या सामायिक कोडमध्ये, मिसळायला पाठवता, तेव्हा जेंकिन्स, गिटलॅब किंवा गिटहब ॲक्शन्ससारखी व्यवस्था तो कोड उचलते, बांधते, त्यावर टेस्ट चालवते आणि हिरवा किंवा लाल निकाल देते. दिवसातून वीस वेळा कोड पाठवलात तर वीस वेळा. वेगाची चाचणी मात्र बऱ्याच ठिकाणी अजून या रांगेत नसते. रिलीजच्या दोन आठवडे आधी कोणीतरी मोठी लोड टेस्ट (काल्पनिक ग्राहकांची गर्दी सोडून बघणारी चाचणी) चालवतं आणि ‘मागच्या वेळेपेक्षा मंद झालंय’ असा अहवाल देतं. मधल्या काळात शेकडो बदल झालेले असतात. त्यातला कोणता कारणीभूत, हे शोधायचं कसं? ज्याने तो लिहिला तो आता दुसऱ्याच कामात बुडालेला असतो.

शिवाय मंदपणा दर वेळी नऊ सेकंदांसारखा ठळक नसतो. बहुतेकदा तो चोरपावलांनी येतो. दर आठवड्याला ॲप फक्त २ टक्के मंद होत गेलं, तर साधारण ३५ आठवड्यांत लागणारा वेळ दुप्पट होतो. कुठल्याही एका आठवड्यात कुणाला काही खटकत नाही.

लोड टेस्टच्या साधनांचा प्रश्न सोपा आहे, त्यात फार वेळ घालवू नका. अपाची जेमीटर १९९८ पासून आहे आणि आजही भरपूर वापरलं जातं. गॅटलिंग, लोकस्ट, के-सिक्स हीही चांगली आहेत. पायथन येत असेल तर लोकस्ट जवळचं वाटेल, जावास्क्रिप्ट येत असेल तर के-सिक्स. जेमीटर वापरणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं: त्याची खिडक्या-बटणांची बाजू टेस्ट रचण्यापुरती वापरायची, खरा लोड कमांड लाइनवरूनच द्यायचा. पाइपलाइनमध्ये तर दुसरा मार्गच नसतो.

पाइपलाइनला तुमचे आलेख समजत नाहीत. तिला एकच गोष्ट कळते: प्रोग्राम संपताना कोणता आकडा सोडून गेला. शून्य असेल तर हिरवं, शून्य नसेल तर लाल. म्हणून वेगाच्या टेस्टने शेवटी स्वतःच निवाडा करायला हवा. के-सिक्समध्ये तुम्ही ‘९५ टक्के रिक्वेस्ट (सर्व्हरकडे केलेल्या मागण्या) ५०० मिलिसेकंदांच्या आत’ अशी अट लिहिता आणि ती मोडली की प्रोग्राम ९९ हा आकडा सोडून संपतो, बिल्ड लाल होतो. ऑटोमेशनचा यांत्रिक भाग एवढाच. एका दुपारी जमतो. अवघड आहे तो निवाडा.

निवाड्यासाठी आधी आकडा नीट हवा. सरासरीवर अजिबात विसंबू नका. १०० रिक्वेस्ट गेल्या, ९५ जणांना २०० मिलिसेकंदांत उत्तर मिळालं आणि पाच जण सहा-सहा सेकंद ताटकळले. सरासरी येते ४९० मिलिसेकंद. हा अनुभव त्या शंभरांतल्या एकालाही आलेला नाही. म्हणून पर्सेंटाइल बघतात. पी-९५ म्हणजे १०० पैकी ९५ रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत संपल्या ती वेळ. पण याच उदाहरणात पी-९५ सुद्धा २०० दाखवेल आणि सगळं छान आहे असं वाटेल. ते सहा सेकंद दिसतात पी-९९ बघितल्यावर. आणि हे ‘शेवटचे पाच टक्के’ वाटतात तितके दुर्मिळ नसतात. ॲपची एक स्क्रीन उघडताना मागे २० रिक्वेस्ट जात असतील, तर त्यातली किमान एक त्या मंद पाच टक्क्यांत सापडण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांना मंद स्क्रीनच दिसते. आणखी एक: वेगवेगळ्या मशीनवरचे पी-९५ एकत्र करून त्यांची सरासरी काढू नका. त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

लोड कसा द्यायचा, इथेही एक मोठी फसगत आहे. नेहमीची टेस्ट अशी असते: ५० काल्पनिक ग्राहक, प्रत्येकजण रिक्वेस्ट पाठवतो, उत्तर येईपर्यंत थांबतो, मग पुढची पाठवतो. सर्व्हर अर्ध्या सेकंदात उत्तर देत असेल तर हे ५० जण मिळून सेकंदाला १०० रिक्वेस्ट पाठवतात. आता सर्व्हर मंद झाला, उत्तराला दोन सेकंद लागायला लागले. तेच ५० जण आता सेकंदाला फक्त २५ रिक्वेस्ट पाठवतील. सर्व्हर दमला की टेस्ट आपोआप त्याच्यावरचं ओझं कमी करते! जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम हाच हिशेब सांगतो: आत असलेली माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ. खरी गर्दी अशी समजूतदार नसते. सराफ्यात एकाची ऑर्डर अडकली म्हणून मागून येणारे लोक घरी परतत नाहीत, ते येतच राहतात. म्हणून टेस्टमध्ये माणसांची संख्या ठरवण्यापेक्षा येण्याचा वेग ठरवा: सेकंदाला १०० म्हणजे १००, उत्तर येवो न येवो. के-सिक्स आणि गॅटलिंग दोन्हींत ही सोय आहे. गिल टेने या अभियंत्याने बरीच वर्षं व्याख्यानांतून हेच कळकळीने सांगितलं आहे की थांबून थांबून मोजणारी टेस्ट नेमके सगळ्यात वाईट क्षण मोजायचेच सोडून देते.

गर्दीचा आकारही आपल्या गावाचा हवा. या ॲपला सकाळी अकराला काही काम नसतं, रात्री दहा ते बारा जोर असतो. अनंत चतुर्दशीला झाक्या (मिरवणुकीतले देखावे) बघायला रात्रभर शहर रस्त्यावर असतं, रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) बघायला राजवाड्यावर माणसांचा समुद्र लोटतो. ते दिवस वेगळे तपासायला हवेत. डेटाही खऱ्याएवढा मोठा घ्या. चाळीस ओळींच्या टेबलात इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेली सूची) नसल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही, चाळीस लाख ओळींत लगेच येतं. मात्र ग्राहकांची खरी नावं आणि फोन नंबर उचलून टेस्टमध्ये आणू नका. बनावट डेटा तयार करायला फारसे कष्ट पडत नाहीत.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. तोच कोड, तीच टेस्ट, दहा वेळा चालवा. दहा वेगळे आकडे येतील, आणि त्यांच्यात दहा-पंधरा टक्क्यांचा फरक सहज असेल. पाइपलाइनचं मशीन बहुधा क्लाउडवरचं, वाटून घेतलेलं असतं, शेजारच्याने जोर लावला की तुमचा प्रोसेसर थोडा वेळ हिरावला जातो. प्रोसेसर तापमानानुसार स्वतःचा वेग कमी-जास्त करतो. जावाचा प्रोग्राम सुरुवातीला मंद असतो आणि गरम झाल्यावर धावायला लागतो. पहिल्या क्वेरीला डेटा डिस्कवरून येतो, दुसरीला मेमरीतून. सराफ आपला बारीक वजनाचा काटा काचेच्या पेटीत ठेवतो, कारण पंख्याच्या वाऱ्याने गुंजभराचा फरक पडतो. आपल्याला २ टक्क्यांचा मंदपणा पकडायचा आहे आणि काटा वाऱ्यातच १५ टक्के हलतोय.

या काट्याला पेटी कशी करायची? वेगाच्या टेस्टसाठी एक वेगळं, राखीव मशीन ठेवा, त्यावर दुसरं काही चालू देऊ नका. प्रोसेसरचा वेग एका जागी बांधून ठेवा. पहिल्या मिनिटभराचे आकडे टाकून द्या. प्रत्येक फेरीआधी डेटाबेस त्याच साठवलेल्या प्रतीवरून पूर्ववत करा. आणि मला सगळ्यात उपयोगी वाटणारी युक्ती: कालच्या आकड्याशी तुलना करूच नका. जुना कोड आणि नवा कोड त्याच मशीनवर आलटून पालटून चालवा, जुना-नवा-जुना-नवा. वारा आला तर दोघांनाही सारखाच लागतो. वेळ दुप्पट लागतो हे खरं, पण हाती आलेल्या फरकावर विश्वास ठेवता येतो.

इथे ऐकीव गोष्टींवर जाऊ नये. मोंगोडीबी हा डेटाबेस बनवणाऱ्या टीमने ॲमेझॉनच्या क्लाउडवर वेगाच्या टेस्ट चालवताना स्वतःचीच गृहीतकं एकेक करून मोजून पाहिली, तेव्हा त्यातली काही खोटी ठरली. ‘काही मशीन नशिबाने चांगली मिळतात, काही वाईट’ हे त्यातलंच एक. तुमच्याकडचा गोंगाट कुठून येतो, हे तुम्हालाच मोजावं लागेल. त्याची रीत साधी आहे: कोड न बदलता टेस्ट पुन्हा पुन्हा चालवायची आणि निकाल किती पसरतात ते बघायचं. हे केल्याशिवाय कोणतीही मर्यादा ठरवणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

घड्याळ इतकं बेभरवशाचं असेल तर काही ठिकाणी घड्याळ बाजूला ठेवून मोजदाद करता येते, आणि सुरुवात तिथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. एसक्यूलाइट हा डेटाबेस लिहिणारे लोक कोडचा वेग पाहताना कॅशग्राइंड नावाच्या साधनाने प्रोसेसरने किती सूचना पाळल्या ते मोजतात. हा आकडा जवळजवळ प्रत्येक वेळी तोच येतो. रस्ट भाषेचा कंपायलर बनवणारेही त्यांच्या वेगाच्या तपासणीत सूचनांच्या संख्येवर मोठी भिस्त ठेवतात. आपल्या ॲपला एवढ्या खोलात जायची गरज नाही. मेन्यूचं पान उघडताना डेटाबेसकडे किती क्वेरी गेल्या, हे मोजणारी टेस्ट लिहा. मर्यादा ठेवा पाच. ही टेस्ट काही सेकंदांत संपते, प्रत्येक बदलावर चालते, कोणत्याही मशीनवर तेच उत्तर देते. लूपमध्ये शिरलेली ती क्वेरी या एका टेस्टने दुपारीच पकडली असती, लोड न देता. उत्तराचा आकार किती किलोबाइट, बाहेरच्या सेवांना किती हाका मारल्या, हेही असंच मोजता येतं.

पण सगळंच मोजदादीत मावत नाही. एका वेळी एकानेच डेटा बदलावा म्हणून लावलेल्या कुलुपांवरून होणारी अडवाअडवी, भरलेल्या रांगा, मेमरीची सफाई, हे घड्याळ आणि लोड लावल्याशिवाय दिसत नाही. तिथे मर्यादा ठरवावीच लागते. सरळ आकडा ठेवला, समजा ५०० मिलिसेकंद, आणि आज ॲप २१० ला उत्तर देतंय, तर ४९९ पर्यंत घसरताना बिल्ड हिरवाच राहील. बरं, ‘कालच्यापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त मंद नको’ असं ठरवलं, तर रोज २ टक्के घसरणारं ॲप कधीच सापडणार नाही. आणि मर्यादा फार आवळली तर खोट्या घंटा वाजतात. हिशेब करा: पाइपलाइनमध्ये २०० मोजमापं आहेत आणि प्रत्येक मोजमाप शंभरातून एकदाच खोटी घंटा वाजवतं. ऐकायला बरं वाटतं. पण सगळी २०० शांत राहण्याची शक्यता फक्त १३ टक्के. म्हणजे काहीही न बिघडता १०० पैकी ८७ वेळा बिल्ड लाल.

मग ऑफिसात एक वाक्य ऐकू यायला लागतं: “दादा, परत चालवून बघतो, होईल हिरवा.” आणि होतोही. हे वाक्य रुळलं की टेस्ट असूनही नसल्यासारखी. ज्या दिवशी खरंच काही बिघडतं त्या दिवशीही तो मुलगा परत चालवूनच बघतो, आणि त्याला दोष देता येत नाही, कारण ती सवय त्याला आपणच लावलेली असते. मला विचाराल तर खोटी घंटा वाजवणारी वेगाची टेस्ट ठेवण्यापेक्षा ती दुरुस्त होईपर्यंत बिल्ड अडवण्याच्या यादीतून काढून टाकावी. आकडे गोळा करत राहा, पण बिल्ड लाल करण्याचा अधिकार तिला देऊ नका.

मोठ्या टीम हे काम दोन पातळ्यांवर करतात. कोड मिसळण्याच्या दारात मोजदादीच्या टेस्ट आणि एखादी छोटी, ढोबळ लोड टेस्ट ठेवायची. मर्यादा सैल, म्हणजे ती वाजली की नक्कीच मोठं काहीतरी बिघडलेलं. हे सगळं पाच मिनिटांत आटपावं, नाहीतर लोक तिला बगल द्यायला शिकतात. बारीक घसरण पकडायचं काम रात्रीच्या मोठ्या फेरीवर सोडायचं, आणि तिथे आजचा आकडा एकट्याने बघायचाच नाही. अनेक दिवसांचे आकडे ओळीने मांडायचे आणि गणिताला विचारायचं, की या ओळीत पातळी कुठे बदलली? याला चेंज पॉइंट डिटेक्शन म्हणतात. मोंगोडीबीच्या अभियंत्यांनी २०२० मध्ये एका शोधनिबंधात सांगितलं, की त्यांनी मर्यादांवर आधारलेली पद्धत सोडून ई-डिव्हिसिव्ह नावाची सांख्यिकी पद्धत कशी बसवली. एखाद्या रात्री आकडा उडाला आणि दुसऱ्या दिवशी खाली आला तर ती गप्प राहते. पातळी सरकून तिथेच टिकली तरच बोलते. यात निकाल दोन-तीन दिवस उशिरा कळतो, हे मान्य करायला लागतं. तासन्‌तास चालणारी टेस्ट आठवड्यातून एकदा पुरे. मेमरी हळूहळू गळते का, ते तिच्यातच दिसतं.

पातळी सरकलेली दिसली की गुन्हेगार शोधायला गिट बायसेक्ट आहेच, कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधली ही सोय. दोन रात्रींच्या मध्ये १०० बदल झाले असतील तर निम्म्यावर जाऊन तपासायचं, मग उरलेल्याच्या निम्म्यावर. सात फेऱ्यांत नेमका बदल हाती येतो, आणि ‘चांगलं की वाईट’ सांगणारी स्क्रिप्ट दिली तर हे कामही रात्री आपोआप होतं.

नंतरचं काम माणसाचं. मोझिलामध्ये फायरफॉक्सच्या वेगाच्या सूचना बघायला खास माणसं नेमलेली असतात, त्यांना शेरीफ म्हणतात. सूचना खरी आहे का ते तपासून, ज्याचा बदल त्याच्या नावाने नोंद उघडणं हे त्यांचं काम. दहा जणांच्या टीमला वेगळा माणूस परवडणार नाही, पण दर आठवड्याला एकाची पाळी लावता येते. ज्याची पाळी, त्याने सोमवारी सकाळी आलेख उघडायचेच. हे ठरवलं नाही तर सगळं गणित बसवूनही डॅशबोर्ड कुणीच बघत नाही.

प्रत्येक मंदपणा परतवायचा नसतो. पासवर्ड साठवण्याची पद्धत अधिक कडक केली की लॉगिनला मुद्दामच जास्त वेळ लागतो, तो लागायलाच हवा. अशा वेळी नवी बेसलाइन (तुलनेसाठी धरलेला आकडा) त्याच बदलासोबत लिहावी आणि शेजारी कारण दोन ओळींत नोंदवावं. सहा महिन्यांनी येणाऱ्या नव्या मुलीला ‘लॉगिन इतकं हळू का’ हा प्रश्न पडेल तेव्हा उत्तर तिथेच सापडेल.

आणि आकडे अचानक सुधारले तरी तितक्याच बारकाईने बघा. ३०० मिलिसेकंदांचं उत्तर एका रात्रीत १५ वर आलं, तर बहुतेकदा सर्व्हर काम न करताच एरर परत पाठवत असतो, आणि एरर फार लवकर पोचते. म्हणून प्रत्येक लोड टेस्टमध्ये वेळेच्या अटीच्या जोडीला दोन अटी हव्यातच: चुकीच्या उत्तरांचं प्रमाण एका टक्क्याच्या खाली, आणि आलेल्या उत्तरात अपेक्षित मजकूर खरोखर आहे.